तिसरा टॅप

अक्कल नसलेल्या माणसाला हत्यार निवडायला सांगितलं की तो आधी रंग बघतो आणि मग नग मोजतो. गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने मोबाइलवर एक फोटो पाठवला. काळ्या पेटीत ओळीने निजवलेली सोनेरी ड्रिलं आणि आटे पाडायचे सोनेरी टॅप. खाली लिहिलेलं, ‘आत्या, घरबसल्या मागवला. शंभर नग. कसा आहे?’ मी उलट लिहिलं, ‘देव्हाऱ्यात ठेव, शोभेल.’ त्याला ते कौतुक वाटलं. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पोरगा सरळ आहे, त्याला मी दोष देत नाही. हा गुण त्याच्याकडे बापाकडून आलाय, आणि त्याचा बाप म्हणजे माझा मोठा भाऊ अविनाश. अविनाशदादाने एका दुपारी काय करून ठेवलं आणि मी ते कसं मुकाट बघत उभी राहिले, हे आमच्या घरात कधी कोणी मोठ्याने बोललं नाही. आमच्या माणसांची समजूत अशी, की न बोललेली गोष्ट घडलेली नसते. मी आता सत्तरीला टेकले. मला लिहायला हरकत नाही.

घर नरपडला आणि दुकान डहाणूत. घरात समुद्राचा आवाज आणि सुरूच्या झाडांची सूंसूं, दुकानात कानशीची करकर. या दोन आवाजांच्या मध्ये मी वाढले, आणि खरं सांगायचं तर मला कानशीचा आवाज जास्त आवडायचा. समुद्र काही काम करत नाही. दुकान बंदूक दुरुस्तीचं, सरकारी परवान्याचं. तो परवाना काचेच्या चौकटीत, गणपतीच्या तसबिरीहून वीतभर वर टांगलेला होता; बाबा सकाळी आधी त्याला हात जोडायचे, मग गणपतीला. बंदुकीचं दुकान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमा येतो. आमच्याकडे यायच्या त्या वाडीवाल्यांच्या पीकसंरक्षणाच्या बंदुका. गंजलेल्या, पट्टा उंदरांनी कुरतडलेला, दस्ता फुटून सुतळीने बांधलेला. सासऱ्याच्या नावावरून जावयाच्या नावावर आलेली बंदूक जावई कधी साफ करत नसे. मात्र ती घेऊन बाजारातून चालताना त्याची मान अशी ताठ, की वाटावं आत्ताच वाघ मारून आलाय. बाबा अशा माणसाला बसायलाही सांगत नसत. नळीत डोळा घालून म्हणायचे, “आत कोळ्याचं घर आहे. त्याला विचारून साफ करू का?”

बाबांची जीभ कानशीसारखी होती, दोन्ही बाजूंनी घासणारी. ती गिऱ्हाइकावर चालायची, आईवर चालायची, आणि सगळ्यात जास्त दादावर. दादा बोईसरला जाऊन दोन वर्षं मशीनचं शिक्षण घेऊन आला होता. त्याला प्रत्येक हत्याराचं नाव माहीत होतं, तीन भाषांत. मला त्यातलं काहीच येत नव्हतं, कारण मला कोणी शिकवलं नव्हतं. कॉलेजात दुसऱ्यांदा आपटल्यावर आई म्हणाली, “घरात बसून माझं डोकं खाऊ नको. बाबांचा डबा घेऊन जात जा.” मी डबा घेऊन गेले आणि परत यायचं विसरले, एवढंच. डब्यात तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, कधी सोडे घालून वांगं. बाबा रॉकेलने हात धुऊन जेवायला बसायचे आणि मला शेजारी घास द्यायचे, त्यामुळे भाकरीला रॉकेलचा वास यायचा. आजही कुठे रॉकेलचा वास आला की मला भूक लागते. जेवण झालं की मी नळ्या पुसायची, ड्रिलांना धार लावायची, मोडके टॅप वेगळे काढायची. माझ्यावर बाबांची जीभ फारशी चालत नसे. कारण मी त्यांच्या हिशेबात नव्हतेच. अडगळीच्या सामानाला कोणी शिव्या देतं का?

मणीबेन आल्या त्या दिवशी दुकानात चिकूचा वास होता. कोणीतरी बाबांना भेट म्हणून पाटी आणून ठेवली होती. मणीबेन तलासरीकडच्या, पन्नाशी उलटलेल्या, उंच, पांढरं लुगडं गुजराती पद्धतीने नेसलेल्या. नवरा गेल्यावर वाडी त्यांनी एकटीने सांभाळली होती, आणि नवऱ्याची रायफल रीतसर स्वतःच्या परवान्यावर करून घेतली होती. रायफल त्यांनी टेबलावर ठेवली ती स्वच्छ, तेल पाजलेली. बाबांनी पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकासाठी खुर्ची पुसली.

“मिस्त्री, यावर दुर्बीण बसवायची,” असं म्हणून त्यांनी पिशवीतून दुर्बीण, ती धरायच्या दोन कड्या आणि खालची पोलादी पट्टी काढली. पट्टीबरोबर चार इवलेसे स्क्रू कागदात बांधलेले.

बाबांचा चेहरा लगेच आंबट झाला. दुर्बीण म्हणजे त्यांच्या लेखी श्रीमंतांचा नखरा. “बेन, डुक्कर काय चंद्रावर राहतं का? पन्नास पावलांवर येतं. दुर्बीण कशाला?”

“पन्नास पावलांवर येतं, बरोबर. पण मला नळीवरचा काटा दिसत नाही,” मणीबेन म्हणाल्या. “लांबचं दिसतं, जवळचं धुकं. मागच्या वेळी डुकरावर झाडली आणि माझाच पंप फोडला. पुढच्या वेळी माणूस असेल तर? दुर्बिणीत सगळं एकाच जागी दिसतं, डॉक्टरनी सांगितलं. मला शौक नाही मिस्त्री. तुम्हाला जमत नसेल तर तसं बोला.”

बाबांना ‘जमत नसेल तर’ कोणी म्हटलेलं मी आयुष्यात एकदाच ऐकलं. त्यांनी रायफलच्या बॉडीवर, म्हणजे नळी जिच्यात घट्ट बसते त्या पोलादी पेटीवर, बारीक कानस टेकवली आणि ओढली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. “हं. वरची साल कडक आहे,” ते म्हणाले. “साधं ड्रिल यावर नाचेल आणि भलतीकडे जाईल. आणि पुढची दोन भोकं आरपार न्यायची नाहीत. खाली गोळी बसते. बंद भोक ठेवायचं आणि त्यात आटे तळापर्यंत पाडायचे. बेन, काम होईल. पण माझ्याकडे याची हत्यारं नाहीत, ती आणावी लागतील. पुढच्या शनिवारी या.”

ज्यांना या धंद्यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट यावर आहे. टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, दिसायला जाड स्क्रूसारखं, अंगावर खाचा असलेलं. तो एक नसतो, तीन भावंडं असतात. पहिल्याचं टोक निमुळतं, तो भोकात सहज शिरतो आणि वाट करून देतो. दुसरा कमी निमुळता. तिसरा तळाला सपाट. बंद भोकाच्या पार बुडाशी आटे पाडायला तोच लागतो. पहिल्यानेच बुड गाठायला गेलात तर टोक तळाला टेकतं, आणि वरून जोर केला की टॅप मोडतो. एवढंच शास्त्र आहे. यात दोन वर्षं बोईसरला जाऊन शिकण्यासारखं काय होतं, मला कळलेलं नाही.

बाबांनी पाठकोऱ्या कागदावर यादी लिहिली: कडक पोलादाला चालणारं आखूड ड्रिल एक, पट्टीच्या स्क्रूच्या मापाचं ड्रिल एक, त्याच मापाचे टॅप पहिला, दुसरा, तिसरा. पाच वस्तू. दादाला मुंबईला धाडलं. दादा संध्याकाळी परत आला तो लाल मखमल लावलेली पेटी घेऊन. चाळीस नग! सगळे चकचकीत. ती पेटी त्याने टेबलावर अशी उघडली, जशी नवरीच्या दागिन्यांची उघडतात.

“पाच वस्तूंच्या भावात अख्खा सेट,” तो म्हणाला. “तो दुकानदार म्हणाला, परदेशी माल आहे.”

त्या वेळी दुकानात दोन वाडीवाले आणि पलीकडचा घड्याळवाला बसलेले. बाबांनी पेटीतला एक टॅप उचलला, नखाने धार बघितली, आणि तो परत ठेवला. “तिसरा कुठाय?”

“सगळी मापं आहेत की.”

“मापं आहेत. तिसरा कुठाय? चाळीस पहिले आणलेस. चाळीस नवरदेव आणि एकालाही पाठराखण नाही.” वाडीवाले हसले. बाबांना हसणारी माणसं मिळाली की ते थांबत नसत. “दोन वर्षं बोईसरला माझा पोरगा काय शिकला, तर लाल रंग ओळखायला शिकला. बैलालाही येतं ते.”

दादाचा चेहरा त्या मखमलीसारखा झाला. मीसुद्धा हसले. हे लिहिणं भाग आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ते पाहणं मी आजवर विसरलेले नाही; तरी त्या वेळी मला मजाच वाटली होती. आज वाटतं, बाबांनी ते चार माणसांत बोलायला नको होतं. पण हेही वाटतं, की अपमान झालेल्या प्रत्येक माणसाने दुसऱ्याच्या बंदुकीला भोकं पाडायची म्हटली तर देशात एक बंदूक धड राहणार नाही.

दुसऱ्याच दिवशी उंबरगावहून निरोप आला की आमच्या आत्याचे यजमान गेले. बाबा निघाले. जाताना दादाला म्हणाले, “ही पेटी परत कर आणि यादीतलं आण. मी येईपर्यंत त्या रायफलला हात लावायचा नाही.” दादा “हो” म्हणाला. त्याचं ‘हो’ मी लहानपणापासून ओळखते. ते दारापर्यंत टिकतं.

शुक्रवारी दुपारी बाजार झोपला, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, तेव्हा त्याने रायफल शिकंज्यात बांधली. मी म्हटलं, “दादा, बाबांनी नको सांगितलंय.”

“तू धर. आणि पोळ्यांचं ज्ञान मला देऊ नको.”

मी धरली. मागची दोन भोकं झाली. ड्रिल आधी नाचलं, बॉडीवर एक ओरखडा उठला, मग कसंतरी शिरलं. ती आरपार असल्यामुळे पहिल्या टॅपने भागलं. दादा शीळ घालायला लागला. पुढच्या भोकातला पहिला टॅप तीन-चार फेरे फिरला आणि जड झाला. “तळ लागला असेल,” मी म्हणाले. “तेल कमी पडलंय,” तो म्हणाला, आणि तेल ओतून त्याने दोन्ही हातांनी जोर दिला. आवाज फार मोठा आला नाही. सुकं बोंबील मोडताना येतो तेवढा, टक. टॅपचं डोकं त्याच्या हातात आणि शेपूट रायफलमध्ये.

मी कितीतरी माणसं घाबरलेली पाहिली आहेत, पण घाबरल्यावर इतक्या झटपट लबाड झालेला माणूस पाहिला नाही. पाच मिनिटं तो घाम पुसत बसला. मग त्याने वर आलेला तुकडा दगडाने घासून सपाट केला, स्क्रूचा पाय कापून आखूड केला, दस्ते चिकटवायची पिवळी लुगदी कालवली आणि स्क्रूचं डोकं पट्टीच्या भोकात चिकटवून टाकलं. त्याच्या पुढच्या भोकात टॅप घालायची त्याची छाती झाली नाही, तिथेही तेच. वरून पुसलं, तेल लावलं. चारही स्क्रू ओळीत, देखणे. “बघ,” तो म्हणाला, “कोणाला कळतंय?” आणि मला खरंच कळलं नसतं. “आईला काही बोलू नको,” एवढं सांगून त्याने मला रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला. माझ्या तोंडाची किंमत एक गिलास रस, तोही बर्फ जास्त घातलेला. मी प्याले.

शनिवारी मणीबेन आल्या आणि रायफल घेऊन गेल्या. दादाने त्यांना दुर्बीण कशी बघायची हे पाव तास समजावलं. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “भाऊ हुशार आहे तुझा.” मी मान हलवली.

बाबा सोमवारी आले. दादाने बसल्या बसल्या सांगितलं, बेन येऊन गेल्या, घाईत होत्या, काम करून दिलं, खूश होत्या. मला वाटलं आता आभाळ कोसळणार.  मेहुण्याच्या मरणाने बाबा ढिले झाले होते की काय, देव जाणे. ते म्हणाले, “बंद भोकात तिसऱ्याशिवाय पाडलेस?”

“पेटीतल्याच एका पहिल्याला मी घासून तळाला सपाट केलं,” दादा म्हणाला.

वाईट म्हणजे हे खोटं चांगलं होतं. कसबी माणूस असंच करतो. बाबांनी मान डोलावली. रात्री जेवताना, ताटात कोलंबीचं कालवण आणि भात, ते आईला म्हणाले, “पोरगं तयार झालं म्हणायचं.” मग दादाला म्हणाले, “उद्यापासून ड्रिलचं मशीन तू सांभाळ.” आईने दादाच्या ताटात दोन कोलंब्या जास्त वाढल्या.

इथे मला खोटं लिहिता येईल. गोळीच्या धक्क्याने दुर्बीण सुटून मणीबेनच्या डोळ्यावर आदळेल अशी मला काळजी वाटली, म्हणून मी बोलले, असं. तसं नव्हतं. त्या मशीनला मी रोज पुसत होते, पट्टा मी बदलत होते, त्याची प्रत्येक कुरकूर मला पाठ होती. आणि ते माझ्या देखत त्या लबाडाला दिलं जात होतं, कोलंबीसकट. माझ्या पोटात जे पेटलं त्याचं नाव मत्सर. तीन दिवस माझा सद्‌विवेक उसाचा रस पिऊन झोपला होता, त्याला मत्सराने उठवलं.

“पुढचे दोन स्क्रू चिकटवलेत,” मी म्हणाले. “आत आटे नाहीत. एका भोकात मोडका टॅप आहे.”

दादा म्हणाला, “खोटं बोलते.” पण त्याचा आवाज फाटला. आई म्हणाली, “जेवताना काय हे.” बाबांनी हात ताटातच धुतला. कोणाला ओरडले नाहीत. मला फक्त विचारलं, “तू धरली होतीस?” मी हो म्हटलं. “सकाळच्या गाडीने तलासरी. तूही चल.” एवढं बोलून ते ओसरीवर जाऊन बसले.

गाडीत मला आशा होती, बेननी अजून गोळी झाडली नसेल. फाट्यावर उतरून वाडीपर्यंत अर्धा तास चाललो. मणीबेन ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. उजव्या भुवईवर चार बोटं रुंद पट्टी, आणि खाली डोळा काळानिळा, सुजून चिकूएवढा झालेला. रायफल भिंतीला टेकवलेली, दुर्बीण वेगळी, तिची काच तडकलेली.

“या मिस्त्री,” त्या म्हणाल्या. वाल सोलणं थांबवलं नाही. “पहिल्याच गोळीला तुमची दुर्बीण मागे आली. हाड जाड म्हणून डोळा राहिला. डॉक्टर म्हणाला, बोटभर खाली असती तर गेला असता.”

माझे बाबा, ज्यांनी उभ्या जन्मात कोणापुढे मान वाकवली नाही, ते ओट्याच्या खालच्या पायरीवर उभे राहून हात जोडत म्हणाले, “बेन, चूक माझी.”

“तुमचा हात असता तर असं होत नाही. कोणी केलं?”

“दुकान माझं. परवाना माझा. मीच केलं समजा.”

मला संताप आला. पोराला वाचवायला हा माणूस हात जोडतोय, आणि तो पोरगा घरी आईच्या हातची घावणी खातोय! पण मणीबेन बाबांकडे बघतच नव्हत्या. त्या चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघत होत्या. “पोरी, तू तिथे होती ने? मी रायफल घेतली तेव्हा?”

“होते.”

“तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मी तुला बोलली, भाऊ हुशार आहे. तू मान हलवली.” त्यांनी एक वाल सोलून सुपात टाकला. “भाऊ मूरख आहे. मूरख माणसावर मी रागवत नाही, तो बैल. तुला तर कळत होतं.”

आयुष्यात मला पुष्कळ जण पुष्कळ बोललेत. त्या बाईसारखं कोणाचं लागलं नाही. मी रडले वगैरे नाही. माझी मान आपोआप खाली गेली आणि मला माझ्या पायांची बोटं दिसली, वाटेवरच्या धुळीने लाल झालेली. मणीबेननी सूप बाजूला ठेवलं आणि बाबांना म्हणाल्या, “रायफल घेऊन जा. दुरुस्त ही करेल. तुम्ही बघा, पण हात हिचा. जिला माझ्या डोळ्याची लाज वाटते तिच्या हातून मला काम पाहिजे.” बाबांनी रायफल उचलली.

पुढच्या आठवड्यात मी एकटी मुंबईच्या हत्यारबाजारात गेले. काडेपेटीत मणीबेनचा एक स्क्रू, आणि बाबांची यादी बदललेली, कारण वाकडं झालेलं भोक मोठं करून आता एक नंबर जाड स्क्रू घालायचा होता. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, “बाई, भिंतीला फोटो टांगायचाय का?” मी यादी वाचली. त्याने चार पावलं आत जाऊन तीन टॅप आणून आपटले. मी ते गल्ल्यावर शेजारी शेजारी ठेवले. तिघांचं टोक एकसारखं निमुळतं. “हे तिन्ही पहिलेच आहेत,” मी म्हटलं. “मला तिसरा पाहिजे. आणि धार घासून काढलेली पाहिजे, दाबून काढलेली नको. भिंग असेल तर द्या.” त्याने भिंग दिलं नाही, पण चहा मागवला. पाच दुकानं फिरले. चार दुकानदारांना तिसरा टॅप कशाला लागतो हेच माहीत नव्हतं आणि चौघांनीही ते मला समजावून सांगितलं. पाचवा म्हातारा होता, बोलतच नव्हता. त्याने तेलाच्या कागदात गुंडाळलेली तीन भावंडं काढली, सोबत एक लोखंडाचा तुकडा आणि हँडल, आणि म्हणाला, “घालून बघ.” मी घालून बघितलं. कापलेलं लोखंड भुगा न होता बारीक कुरळं होऊन वर आलं. मला त्या वेळी जे वाटलं तसं पुढे माझ्या लग्नातही वाटलं नाही.

मोडका टॅप काढायला मला दीड दिवस लागला. लाल पेटीतला माल इतका भिकार होता की छोट्या छिन्नीने टोचल्यावर तो साखरेसारखा फुटत गेला. चांगल्या पोलादाचा असता तर निघाला नसता. दादाच्या आयुष्यात त्याच्या मूर्खपणाचा असा उपयोग एकदाच झाला. मग वरची कडक साल दगडाने त्या जागेपुरती उतरवली, पाणसळ लावून रायफल सरळ बांधली, ड्रिल किती आत जाईल त्याला अडसर लावला. बाबा मागे स्टुलावर बसून होते. त्यांची जीभ चालत नव्हती, आणि ती चालत नसताना जास्त भीती वाटत होती. पहिला टॅप, दुसरा, तिसरा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, तेल, पुसणं, पुन्हा. तिसरा तळाला टेकला ते बोटांना कळलं. मी थांबले. मागून बाबा फक्त “हं” म्हणाले.

दुर्बिणीची काच बदलून आम्ही पुन्हा तलासरीला गेलो. वाडीच्या टोकाला मातीच्या बांधापुढे मणीबेननी पत्र्याचा डबा ठेवायला लावला. भुवईवर आता गुलाबी व्रण होता. त्या जमिनीवर पालथ्या पडल्या, पन्नाशीची बाई, लुगडं सावरून. बाबांनी मला ओढून मागे घेतलं. पहिली गोळी डब्याच्या डावीकडे मातीत. मी दुर्बिणीचे नेम जुळवायचे खटके फिरवले. दुसरी डब्याच्या कडेला. तिसऱ्या गोळीला डबा उडाला, आणि दुर्बीण जागच्या जागी. मणीबेन उठल्या, धूळ झटकली, मला म्हणाल्या, “जेवून जा.” उंबाडियूचं मडकं फोडलं होतं, आत कंद आणि वालाच्या शेंगा. त्यांनी मला दुसऱ्यांदा वाढलं, बाबांना विचारलंही नाही.

दादा पुढच्याच वर्षी तारापूरला कारखान्यात लागला आणि तिथे सुपरवायझर होऊन निवृत्त झाला. लग्नकार्यात तो अजून कामातल्या सचोटीवर बोलतो. मी समोर असले की थोडं आवरतं घेतो. पण मला त्याआधीची एक सकाळ सांगायची आहे.

तलासरीहून आल्यावर दोन-तीन दिवसांत कैनाडचा एक वाडीवाला दुकानात आला. त्याने मणीबेनची रायफल पाहिली होती, त्यालाही दुर्बीण बसवायची होती. दादा गल्ल्याशी बसला होता. तो लगेच सरसावला, “त्याचं असं असतं, बॉडीचं पोलाद...” बाबा कोपऱ्यात कानस चालवत होते. त्यांनी मान वर केली नाही, कानसही थांबवली नाही.

“तिला विचारा,” ते म्हणाले.

वाडीवाला वळला. त्याने मला बघितलं, आणि मग मान तिरकी करून माझ्या पाठीमागे कोण आहे ते बघायला लागला. माझ्या पाठीमागे भिंत होती.